पंख्याखालचं रोप

दादाचा फोन आला तेव्हा वसुधा सावे बसमध्ये होती. याच फोनची ती चार दिवस वाट पाहत होती.

"हिरवं आलं ग वसू," दादा म्हणाला. "पंख्या सुटला. आपणपण सुटलो."

पुढे त्याला बोलवेना. वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवणारा अडुसष्ट वर्षांचा माणूस फोनवर नाक ओढत होता. वसुधाने डोळे मिटले. देवबिव ती फारसं मानत नसे, पण त्या वेळी तिने मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडले हे खरं.

आता हा पंख्या कोण आणि तो सुटला म्हणून एवढं रडण्यासारखं काय होतं, ते आधी सांगायला हवं. खारेकुंड हे पालघरकडचं समुद्राकाठचं गाव. गावात एक जुना डाकबंगला आहे आणि त्याच्या आवारात शोभेचा एक पाम. पन्नास फूट सरळसोट खोड, वर हातपंख्यासारखी मोठाली पानं. कुणी लावला, कधी लावला, कुणाला ठाऊक नाही. गाव त्याला पंख्या म्हणतं. डाकबंगल्याच्या कुंपणाला लागूनच हरेश्वर सावे, म्हणजे वसुधाच्या दादाची वाडी. एकशे चाळीस माड, आणि प्रत्येकाला नाव. घरात मूल जन्मलं, सून आली, की तिच्या किंवा त्याच्या नावाने एक माड लागायचा, ही सावे घराण्याची रीत. दामूअण्णा नावाचा माड आहे, गंगूआत्या आहे, आईचा आहे. कुंपणाच्या कडेला वसूही आहे.

दोन हजार अडतीस साली किनाऱ्यावर पिवळा मर आला. तुडतुड्यासारखा एक बारीक किडा रस पिता पिता रोगाचे जंतू माडात सोडतो. वर्ष-दीड वर्ष काही कळत नाही. मग नारळ गळतात, झावळ्या पिवळ्या पडतात, आणि एक दिवस शेंडाच खाली येतो. औषध नाही. रोग तपासून पाहावा म्हटलं तर तीही पंचाईत. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते, माडाला मात्र कोंब एकच, अगदी शेंड्यातला. जंतू दडतात ते तिथे. कोंब कापून पाहिला की झाड मेलंच, आणि लागण ताजी असेल तर त्यातही सापडत नाहीत.

मग सरकारने दुसरी वाट धरली. शोभेच्या पामांतल्या काही जाती अशा, की त्यांच्या अंगात हे जंतू सुखाने राहतात, झाडाला काही होत नाही, आणि किडे तिथून ते माडांवर नेतात. या वाहक जाती हुडकायच्या आणि तोडायच्या. भोवतीच्या तीनशे मीटरांतले सगळे माडही तोडायचे. पंख्या वाहक निघाला असता तर सावे यांच्या वाडीत एक माड उरला नसता.

पण पामाची जात ओळखायची कशी? रोप असताना पान निराळं, देठाला काटे असतात. झाड वयात आलं की पान बदलतं, काटे जातात, आणि दोन सख्ख्या बहिणी जाती खालून बघणाऱ्याला एकसारख्या दिसू लागतात. म्हणून पथकाकडे तळहाताएवढं यंत्र असे. सरकारी नाव पर्णवाचक, लोक म्हणत पानवाच्या. नखाएवढा पानाचा तुकडा त्यात ठेवायचा. प्रत्येक जिवाच्या पेशीत चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक माळ असते. त्यातले काही तुकडे एका जातीत सगळ्यांचे सारखे, दुसरीत निराळे. यंत्र ते तुकडे वाचतं आणि राज्याच्या वनस्पती-संग्रहातल्या नमुन्यांशी जुळवतं. जुळलं की बारा मिनिटांत नाव सांगतं, वाहक असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा. लोकांना वाटतं, यंत्राला झाडं कळतात. कसली कळतात? कुणीतरी कधीतरी पान आणून 'हे अमक्याचं' असं सांगितलेलं असतं, तेवढं त्याच्या लक्षात असतं.

पामांच्या बाबतीत ते सांगणारी होती वसुधा. त्या संग्रहाचा पामविभाग तिने तेविसाव्या वर्षी हातात घेतला आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन महिन्यांनी, ती निवृत्त होणार होती.

ती पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दादाने तिला दारातच मिठी मारली, जे त्याने तिच्या लग्नातही केलं नव्हतं. सुलभावहिनींनी नारळाच्या दुधातल्या शेवया केल्या होत्या.

"आधी खा," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस तुमच्या दादांनी घास घेतला नाही. माडांखाली नुसते फिरत होते, ज्याच्या त्याच्या अंगावर हात ठेवत."

"सांगायला हवं का तिला सगळं?" दादा म्हणाला, पण हसत होता. त्याने टेबलावरचं पत्रक तिच्यापुढे सरकवलं. "हे वाच. तुझ्या त्या देवयानीनेच दिलं. म्हणाली, मॅडमना नमस्कार सांगा."

देवयानी पागधरे ही पथकाची प्रमुख, वसुधाची जुनी विद्यार्थिनी. वसुधाने पत्रक उचललं. ठिकाण, उंची, अंदाजे वय. नमुना: झाडावरून गळलेलं मोठं पान. मग जात: पंखापाम, निळफळी. वाहक नाही.

ती शेवयांचा घास तोंडाशी नेता नेता थांबली.

निळफळी आणि लालफळी, त्याच त्या दोन सख्ख्या बहिणी. मोठ्या झाल्या की त्यांच्यात फरक फक्त फळाच्या रंगाचा. लालफळी वाहक, निळफळी निर्दोष. परदेशातल्या एका जुन्या बागेत शंभर वर्षांची झाडं फळांवरून ओळखून, कोंब कापून ते ठरवलं होतं, त्यात शंका नव्हती. शंका निराळीच होती.

"वहिनी, पंख्याला फळं येतात का हो?"

"येतात म्हणजे? रोज सकाळी अंगणभर सडा. ते बघा." वहिनींनी कोपऱ्यातल्या सुपलीकडे बोट दाखवलं. केर काढून भरलेली सुपली, आणि केरात बोराएवढी फळं. लालभडक.

वसुधाच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

"काय ग?" दादाने विचारलं.

"काही नाही. ही वटवाघळांनी आणली असतील, कुठूनतरी."

"असतील," वहिनी म्हणाल्या. "त्यांचाच तर गोंधळ असतो पंख्यावर. कुठनं कुठनं काय काय आणून टाकतात मेली."

हे वाक्य वहिनी सहज बोलून गेल्या. वसुधाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण पस्तीस वर्षांपूर्वीची एक दुपार तिच्यापुढे येऊन उभी राहिली होती.

तेव्हा संग्रह नवा होता आणि ती एम.एस्सी. होऊन नुकतीच लागली होती. दर जातीचा एक नमुना हवा होता: मोठ्या झाडाचं पान, त्याच झाडाच्या फळाचा फोटो. लालफळी तिला मिळत नव्हती, आणि आपल्याच गावच्या पंख्याकडे दुर्बिणीतून पाहिलं तर वर लाल घड लटकलेले. तिने फोटो काढला. मग काशिनाथला बोलावलं. गावातले माड तोच पाडायचा. पण त्या दिवशी होती नारळी पौर्णिमा.

"बाय, आज माडावर पाय द्यायचा नाही," काशिनाथ म्हणाला होता. "उद्या ये. सगळं झाड उतरवून देतो."

उद्या तिला पुण्याला पोचायचं होतं. बुंध्याशी हातभर उंचीचं एक रोप उभं होतं. तिने त्याचंच पान खुडलं. वाडीत वाढलेली पोर ती. माडाखाली जे रोप उगवतं ते त्या माडाचंच असतं, नारळ काही उडून जात नाही, सरळ खाली पडतो. तिला यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. नियमात मोठ्या झाडाचं पान असं लिहिलं होतं, तिने चिठ्ठीवर तसंच लिहिलं.

पंख्याचं फळ नारळ नव्हतं. बोराएवढं होतं ते. वटवाघळं कुठलीही फळं घेऊन पंख्यावर येऊन बसत, खात, आणि बिया खाली टाकत.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. यंत्राच्या आठवणीत लालफळीचा नमुना म्हणून जे पान होतं, ते याच पंख्याचं असायला हवं होतं. मग तेच यंत्र, त्याच पंख्याचं पान वाचून निळफळी का म्हणत होतं? एकच उत्तर होतं. पस्तीस वर्षांपूर्वीचं पान पंख्याचं नव्हतंच. वटवाघळाने टाकलेल्या बीतून उगवलेल्या निळफळीचं होतं.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. चार वर्षांनी मालगुंडच्या एका शाळामास्तरांनी एक पान पाठवलं होतं, वर लिहून, की फळं लाल आहेत. संग्रहातल्या लालफळीशी ते जुळेना, आणि निळफळीचा नमुना तोवर संग्रहात आलाच नव्हता. वसुधाने मास्तरांना शहाणपणाचं पत्र लिहिलं आणि त्यांच्या पानावर निळफळी अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांनी परत लिहिलं होतं, मॅडम, मी फळं हातात धरून पाहिली आहेत. तिने उत्तरच दिलं नव्हतं. दोन्ही बहिणींची नावं उलटीसुलटी करून ती मोकळी झाली होती.

दक्षिणेकडच्या तीन गावांत सगळे पाम हिरवे ठरूनही मर आला होता. कारण शोधायला समिती नेमली होती. समितीत वसुधा होती.

काशिनाथ आता सहासष्टचा होता. अजून चढत होता, पण बसकण असलेल्या चढयंत्रावरून. वसुधाने त्याला बोलावून घेतलं तेव्हा तिला एकच आशा होती, की वरचे घड निळे असतील. तेव्हा दुर्बीण जुनी होती, आपले डोळे चुकले असतील, लाल फळं खरंच बाहेरून आली असतील. माणूस किती खोट्या आशेला चिकटतो ते तिला त्या वेळी कळलं.

"आज पुनव नाही ना?" काशिनाथने पट्टा आवळता आवळता विचारलं. त्याला ती दुपार आठवत होती.

"नाही, काशिनाथ. आज नाही."

यंत्र घरघरत खोडाला धरून वर गेलं. दादा कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बहिणीचा चेहरा त्याला वाचता येत होता. वरून कोयत्याचे दोन घाव ऐकू आले आणि एक घड दोरीला बांधून खाली आला.

लाल होता. देठाशी कच्ची फळं हिरवी, बाकी सगळा लाल.

वसुधा तिथेच बुंध्याला टेकून बसली. मग तिने दादाला सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. काशिनाथ उतरला होता, त्याने पट्टाही सोडला नव्हता.

"पत्रक हिरवं आहे," दादा शेवटी म्हणाला.

"हो."

"सही आहे, शिक्का आहे. तू गप्प बसलीस तर कोण विचारणार आहे?"

"कुणीच नाही."

"मग यंत्र बरोबर. तू चूक."

"दादा, यंत्राला ते नाव मीच सांगितलंय."

"मग आणखी चार दिवस सांगू नकोस. तीन महिने थांब. निवृत्त हो, घरी बस, मग काय सांगायचं ते सांग." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "आईचा माड आहे आत. दामूअण्णांचा आहे. नव्वद वर्षांचा. तुला लहानपणी त्याच्या झावळीचा झोपाळा करून दिला होता मी."

"तीन गावं गेली माझ्यामुळे."

"गावांचं मला सांगू नकोस. हे घर आहे तुझं."

तो वळला आणि घरात गेला. जाताना त्याने काशिनाथला सांगितलं, "तुझ्या त्या बायला विचार, शेवया गोड लागल्या का."

दुपारभर वसुधा वाडीत फिरत राहिली. हातात फोन. संग्रहाचं पान उघडायची, बंद करायची. थांबलं तर काय होईल, हाच हिशेब मनात. तीन महिने म्हणजे काही फार नाहीत. कदाचित वाडीत रोग आलेलाही नसेल. कदाचित आलेला असेल आणि आपोआपच सगळं जाईल, आपल्यावर खापर न फुटता. हा विचार मनात आला आणि तिची तिलाच शिसारी आली. वर पंख्याच्या पानांत वारा खळखळत होता. त्याच पानांवरून किडे आत्ता, या घडीला, उठून जात असतील. आणि पंख्या एकटा नव्हता. किनाऱ्यावरच्या प्रत्येक हिरव्या ठरलेल्या लालफळीवर हेच चाललं होतं, तिच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीच्या भरवशावर.

ती आपल्या नावाच्या माडाला टेकून उभी राहिली आणि तिने नोंद उघडली.

'नमुना मागे घ्यायचा आहे का? या नमुन्यावर आधारित निर्णय: ४,११२. कारण लिहा.'

तिने लिहिलं: 'पान मोठ्या झाडाचं नव्हतं. त्याच्याखालच्या रोपाचं होतं. झाडावर कुणाला चढवून मी ते काढून घेतलं नाही. मालगुंडचा नमुना बरोबर होता, त्याचं नाव मी बदललं.' खाली नाव लिहिलं आणि बोट दाबलं.

दहा मिनिटांत देवयानीचा फोन आला.

"मॅडम, संग्रहात काहीतरी बिघाड झालाय. नकाशावर हिरवे ठिपके लाल व्हायला लागलेत. सगळ्या किनाऱ्यावर."

"बिघाड नाही, देवयानी. आत्ता दुरुस्त झालंय."

"म्हणजे आम्ही निर्दोष झाडं तोडली," देवयानी हळूच म्हणाली. "एकट्या आमच्या तालुक्यात पंचावन्न. भोवतीच्या वाड्यांसकट. आणि लोक रडत असताना मी त्यांना सांगत होते, यंत्र चुकत नाही."

"ते मीच शिकवलं होतं तुला."

"मॅडम, खारेकुंडचा पंख्यापण लाल झालाय."

"ठाऊक आहे. उद्या सकाळी या."

घरात दादाच्या फोनवर सूचना वाजलेली तिला अंगणातून ऐकू आली. आतून कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पथक आलं तेव्हा अख्खं गाव डाकबंगल्याच्या कुंपणाशी जमलं होतं. कुणी वसुधाशी बोललं नाही. आदल्या दुपारपासून दादानेही तिच्याशी शब्द टाकला नव्हता. चहासुद्धा वहिनींनी आणून दिला, तोंड दुसरीकडे करून.

पंख्या तोडायच्या आधी संग्रहासाठी नवा नमुना घ्यायचा होता. नियम आता कडक झाले होते, कालच रात्रीत झाले होते. घेणाऱ्याचं नाव, दोन साक्षीदार. देवयानीने कात्री काढली आणि बुंध्याशी वाकली. तिथे आताही रोपं होती, पाच-सहा. खालचं पान हाताशी होतं. नकळत तिचा हात तिकडे गेला.

"ते नको," कुंपणापलीकडून आवाज आला. दादा होता. "खालचं घ्यायचं नाही. काशिनाथ, वर जा. झाडावरचं आण."

काशिनाथ वर गेला. पान आणलं, घड आणला. वसुधाने चिठ्ठी लिहिली. साक्षीदार म्हणून काशिनाथने पहिल्या रेघेवर सही केली. दुसऱ्या रेघेवर दादाने सही केली, हरेश्वर दामोदर सावे, आणि पेन तिच्याकडे न बघता परत केलं.

पंख्या बाराच्या सुमाराला पडला. मग पथक वाडीत शिरलं.

सावे घराण्यात माड लावण्याची रीत होती तशी तोडण्याचीही होती. घरातल्या थोरल्याने माडावर तळहात ठेवायचा आणि त्याच्या नावाने तीनदा हाक मारायची. ज्याच्या नावाचा माड, ते माणूस हयात असेल तर त्याने ओ द्यायची, म्हणजे मी ऐकलं, माझी हरकत नाही. माणूस गेलेलं असेल तर तीन हाकांनंतर क्षणभर थांबायचं आणि मग घाव घालायचा. एरवी वादळात एखादा माड मोडला की ही वेळ यायची. एकशे चाळीस वेळा कुणी केलं नव्हतं.

दादाने एकही माड सोडला नाही. पथकातली मुलं करवत बंद करून उभी राहायची, देवयानीने त्यांना तसं सांगितलं होतं. दामूअण्णा, तीनदा. कुणी ओ दिली नाही. गंगूआत्या. आई, असं तीनदा म्हणताना दादाचा आवाज फुटला, आणि तरी तो क्षणभर थांबला, जणू येईल उत्तर. सुलभा अशी हाक आली तेव्हा वहिनी पदराने डोळे पुसत ओ म्हणाल्या. दादाच्या अमेरिकेतल्या पुतण्याने फोनवरून ओ दिली. दोन दिवस हे चाललं होतं. वसुधा कुंपणाशी उभी होती, कुणी बस म्हटलं नाही म्हणून दोन्ही दिवस उभीच होती.

शेवटी कुंपणाकडेचा माड उरला. दादा त्याच्याशी आला. त्याने तळहात ठेवला आणि मान खाली घातली. बराच वेळ तो काही बोलला नाही. वसुधाला वाटलं, माझं नाव हा आता तोंडातून काढणार नाही, आणि हेच माझ्या वाट्याला येणं बरोबर आहे.

"वसू," दादा म्हणाला. पाठ तिच्याकडे होती.

ती कुंपणापासून दोन पावलं पुढे आली.

"वसू."

मुलं करवत धरून उभी होती. काशिनाथने टोपी काढून हातात घेतली होती. बाकी सगळं मोकळं, आडवं, आणि त्यापलीकडे कधी या घरातून न दिसलेला समुद्र दिसत होता.

"वसू," दादा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि या वेळी मागे वळून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ओ," ती म्हणाली.